घरच्या आर्केड कॅबिनेटचं कंट्रोल पॅनल : प्लायवूड कापण्याआधी

'मुस्तफा' हा पार्लरमधला जुना व्हिडिओ गेम खेळायला दोनच बटणं लागतात. एक मारायचं, एक उडीचं. दोन्ही एकदम दाबली की अवतीभवतीच्या सगळ्यांना पाडणारा खास वार होतो आणि त्याबदल्यात आपली थोडी ताकद जाते. चार गुंडांनी घेरल्यावर हा वार करायला क्षणभरच मिळतो. बटणं शेजारी-शेजारी असतील तर एका हाताच्या दोन बोटांनी काम होतं. मधे जास्त अंतर असेल तर खेळणारा कितीही तरबेज असो, वार हुकतो. कॅपकॉमचा १९९३ चा हा गेम. खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', पण आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये तो त्यातल्या पात्राच्या नावानेच ओळखला गेला. घरी आर्केड कॅबिनेट, म्हणजे पार्लरमधल्यासारखी गेमची पेटी, बनवायला निघालेल्या मराठी माणसाच्या यादीत तो बहुधा असतोच.

पॅनलचं, म्हणजे जॉयस्टिक आणि बटणं बसवायच्या फळीचं, नियोजन म्हणजे एवढंच: गेम कोणता, त्यात बोटं काय करतात, आणि म्हणून बटण कुठे हवं. पेटीचा रंग, बाजूची चित्रं, स्पीकर, अगदी पडदासुद्धा नंतर बदलता येतो. पॅनलमध्ये एकदा पाडलेलं भोक बुजवणं मात्र कठीण. म्हणून सुताराला बोलावण्याआधी पुढचं सगळं कागदावर उतरवा.

पहिली पायरी : गेमची यादी

आर्केड गेमचे एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशिनची नक्कल करणारी संगणकावरची सॉफ्टवेअरं, हजारो गेम चालवू शकतात. त्या हजारांसाठी पॅनल बनवायला जाऊ नका. दोन जॉयस्टिक, सोळा बटणं, मधे ट्रॅकबॉल (तळहाताने फिरवायचा चेंडू), वर स्पिनर (गोल फिरवायची खुंटी), कोपऱ्यात आणखी एक छोटी जॉयस्टिक अशी पॅनल पुष्कळ बनतात आणि कुठल्याच गेमला धड साथ देत नाहीत. नवीन माणूस समोर उभा राहिला की त्याला हात कुठे ठेवायचा हेच कळत नाही. तुम्ही आणि घरातली माणसं खरोखर पुन:पुन्हा खेळाल असे दहा-बारा गेम लिहून काढा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: एका वेळी किती जण खेळतात, जॉयस्टिक कुठल्या प्रकारची, बटणं किती.

उदाहरणादाखल एक यादी घेऊ. 'पॅक-मॅन' (१९८०) : फक्त चार दिशांची जॉयस्टिक, एकही बटण नाही. 'गॅलॅगा' (१९८१) : डावी-उजवी एवढीच हालचाल आणि गोळीचं एक बटण. 'मुस्तफा' : आठ दिशा, दोन बटणं, मूळ मशिनवर एकदम तिघे. 'मेटल स्लग' (१९९६) : आठ दिशा, तीन बटणं – गोळी, उडी, हातबॉम्ब. 'किंग ऑफ फायटर्स ९७' : चार बटणं. 'स्ट्रीट फायटर २' (१९९१) : सहा बटणं.

ही यादी नीट पाहिली की पॅनल जवळजवळ आपोआप ठरतं. दोन खेळाडू, प्रत्येकी एक जॉयस्टिक आणि सहा बटणं. 'स्ट्रीट फायटर' यादीत नसता तर चार बटणांवर भागलं असतं आणि पॅनल जास्त मोकळं झालं असतं. तिसऱ्या खेळाडूचा प्रश्न उरतो. माझं मत विचाराल तर घरच्या पॅनलवर तिसरी जॉयस्टिक ठोकू नका. तिघांना खांद्याला खांदा लावून उभं राहायला भरपूर रुंदी लागते, आणि एवढं रुंद कॅबिनेट फ्लॅटच्या दारातून आत नेणं हीच कसरत होते. तिसऱ्यासाठी बाहेरून एखादा यूएसबी गेमपॅड जोडायची सोय ठेवा.

आता उलट उदाहरण. तुमचं मन 'अ‍ॅस्टेरॉइड्स'वर (१९७९) असेल तर त्याला जॉयस्टिक नाहीच, पाच बटणंच आहेत: डावीकडे वळा, उजवीकडे वळा, पुढे जा, गोळी, हायपरस्पेस. 'रोबोट्रॉन २०८४' (१९८२) एकाच माणसाला दोन जॉयस्टिक देतो, एक चालायला आणि एक गोळीची दिशा धरायला. असा गेम यादीत असेल तर दोन खेळाडूंच्या दोन जॉयस्टिक एकाच माणसाच्या दोन हातांत येतील इतक्या जवळ आहेत का, हेही मोजून पाहावं लागतं. म्हणून यादी आधी.

दुसरी पायरी : जॉयस्टिक

पॅनलमध्ये सगळ्यात जास्त विचार इथे करा. बटण मनासारखं नसेल तर दहा मिनिटांत बदलता येतं. जॉयस्टिक चुकली की खेळच बेचव होतो.

जॉयस्टिकच्या खाली चार मायक्रोस्विच (दाबले की टिचकणारे छोटे स्विच) असतात, प्रत्येक दिशेला एक. तिरकी हालचाल केली की शेजारचे दोन स्विच एकदम दाबले जातात. एवढ्यावरूनच 'एट-वे' आणि 'फोर-वे' यांतला फरक समजतो. एट-वे जॉयस्टिकमध्ये दांडा कोपऱ्यात जाऊ शकतो, फोर-वेमध्ये खालची पट्टी त्याला कोपऱ्यात जाऊच देत नाही. 'पॅक-मॅन' किंवा 'डाँकी काँग' (१९८१) एट-वेवर खेळून पाहा. वळणावर दांडा जरा तिरका गेला की दोन दिशा एकदम पोचतात, वळण हुकतं आणि भूत अंगावर येतं. डाँकी काँगमध्ये शिडी चढताना तेच. दोष तुमच्या हाताचा नसतो, ते गेम तिरकी हालचाल गृहीत धरूनच लिहिलेले नाहीत. उलट मारामारीच्या गेमला तिरकी दिशा हवीच. 'स्ट्रीट फायटर'मधला हाडोकेन हा ऊर्जेचा गोळा फेकायचा वार म्हणजे खाली, खाली-पुढे, पुढे आणि ठोसा. फोर-वेवर तो निघणार नाही.

आमच्या यादीत दोन्ही प्रकारचे गेम आहेत. अशा वेळी दांड्याला अडवणारी ही खालची पट्टी (गेट-प्लेट) फिरवून किंवा उलटून फोर-वे आणि एट-वे दोन्ही करता येणारी जॉयस्टिक घ्या. जपानच्या सान्वा कंपनीची जेएलएफ ही त्यातली प्रसिद्ध, आणि स्वस्त चिनी जॉयस्टिकमध्येही ही सोय पुष्कळदा असते. प्लेट बदलायला पॅनल उघडावं लागतं हे मात्र लक्षात ठेवा, त्याचा संबंध पुढे येईल. एका बाजूला एट-वे आणि दुसऱ्या बाजूला कायमची फोर-वे ठेवणं हा दुसरा मार्ग. पण मग दोघांच्या मारामारीच्या गेममध्ये एकावर अन्याय होतो. मला तो पटत नाही.

आकारात दोन घराणी आहेत. जपानी जॉयस्टिकला वर गोल चेंडू असतो, स्प्रिंग हलकी असते, बोटांनी खेळवायची. अमेरिकी जॉयस्टिकला लांबट मूठ असते, स्प्रिंग कडक, पंजात धरायची. लहान मुलं आणि वयस्कर मंडळी खेळणार असतील तर हलकी स्प्रिंग बरी. धसमुसळी पोरं असतील तर कडक. शक्य असेल तर मॉलमधल्या गेम झोनमध्ये जाऊन दोन्ही हाताळून या.

तिसरी पायरी : बटणं

मुख्य मापं दोन. जपानी पद्धतीचं बटण ३० मिमीच्या भोकात बसतं, अमेरिकी पद्धतीचं साधारण २८ मिमीच्या. स्टार्ट आणि कॉईनसाठी (नाणं टाकण्याऐवजी दाबायचं बटण) २४ मिमीचं छोटं बटण मिळतं. आधी बटण विकत घ्या, हातात धरून मोजा, मगच भोकाचं माप ठरवा. दोन मिलिमीटरच्या फरकाने बटण एकतर बसत नाही किंवा खुळखुळत राहतं.

बटण पॅनलला धरून कसं राहतं हेही पाहा. जपानी 'स्नॅप-इन' बटणाला बाजूला प्लॅस्टिकच्या दोन चिमट्या असतात, त्या पातळ पत्र्याला किंवा अ‍ॅक्रिलिकला पकडतात. १८ मिमी प्लायवूडमध्ये त्यांना पकडायला कडच मिळत नाही. जाड लाकडाला आटे आणि खालून नट असलेलं बटण घ्या. अमेरिकी बटणं मुळात जाड लाकडी पॅनलसाठीच बनलेली असल्यामुळे त्यांचे आटे लांब असतात.

आत दिवा असलेली बटणं रात्री सुंदर दिसतात. दिवा ५ व्होल्टचा की १२ व्होल्टचा हे विचारून घ्या. १२ व्होल्टचा दिवा ५ व्होल्टवर नीट पेटत नाही, आणि ५ व्होल्टच्या दिव्याला १२ व्होल्ट दिले की तो जळतो. शिवाय दिव्याच्या तारा बटणाच्या तारांव्यतिरिक्त असतात, म्हणजे पॅनलखालचं जंगल दुप्पट होतं. पहिल्याच कॅबिनेटला साधी बटणं लावा.

चौथी पायरी : पुठ्ठ्यावर मांडणी

इथे घाई करू नका. जाड पुठ्ठ्याचा मोठा खोका घ्या, त्याच्या वरच्या पृष्ठभागावर पॅनल खऱ्या मापात आखा.

सहा बटणांची मांडणी तीन-तीनच्या दोन रांगांत असते. वर ठोसे, खाली लाथा, आणि दोन्हींत डावीकडून उजवीकडे हलका, मध्यम, जोरदार. ही पद्धत 'स्ट्रीट फायटर'मुळे रुजली. १९८७ च्या पहिल्या 'स्ट्रीट फायटर'मध्ये आधी दोन मोठे रबरी पॅड होते, जितक्या जोरात आपटाल तितका जोरदार फटका. नंतर त्यांच्या जागी सहा बटणं आली. रांगा मात्र सरळ रेषेत आखू नका. तुमचा उजवा हात पुठ्ठ्यावर सैल ठेवा आणि बोटांची टोकं कुठे पडतात तिथे पेन्सिलने खुणा करा. मधलं बोट लांब, म्हणून मधलं बटण थोडं वर जाईल. तर्जनीचं त्याच्यापेक्षा खाली. ती कमान तशीच ठेवा. तीस मिमीच्या बटणाची कड बाहेरून साधारण ३३ मिमी भरते, म्हणून दोन बटणांच्या केंद्रांमधलं अंतर ३६ ते ४० मिमी ठेवलं की बोट सहज सरकतं आणि खालून नट फिरवायलाही जागा राहते.

आता यादीतला प्रत्येक गेम या सहा बटणांवर बसवून पाहा. 'मुस्तफा'चं मारणं आणि उडी खालच्या रांगेतल्या पहिल्या दोन बटणांवर. 'किंग ऑफ फायटर्स'च्या चार बटणांसाठी डावीकडचा चौकोन घ्या: हलका ठोसा वर, हलकी लाथ त्याच्या खाली, जोरदार ठोसा शेजारी वर, जोरदार लाथ त्याच्या खाली. या गेममध्ये हलका ठोसा आणि हलकी लाथ एकदम दाबावी लागते, तसंच दोन्ही जोरदारही. या मांडणीत प्रत्येक जोडी उभ्या ओळीत येते आणि अंगठा व तर्जनी यांनी झटकन दाबली जाते. चारही बटणं एका आडव्या रांगेत असती तर हे इतकं सोपं झालं नसतं.

जॉयस्टिक डाव्या हाताला, बटणं उजव्या हाताला. पॅनलच्या पुढच्या कडेपासून इतकं अंतर सोडा की तळहाताची मागची बाजू पॅनलवर टेकेल. मनगट हवेत लोंबकळलं तर अर्ध्या तासात दुखायला लागतं. दोन खेळाडूंमधल्या अंतरासाठी घरातल्या दोन मोठ्या माणसांना खोक्यासमोर उभं करा. साठ सेंटिमीटर रुंदीच्या पॅनलवर कोपराला कोपर लागतो, पंचाहत्तर-ऐंशीवर दोघे सुखाने खेळतात. उंची उभ्याने खेळायची असेल तर जमिनीपासून ९० ते १०० सेंटिमीटर, खुर्चीवर बसून खेळायची असेल तर जेवणाच्या टेबलाच्या आसपास. मुलांसाठी पॅनल खाली आणू नका, पाट द्या. मुलं उंच होतात.

स्टार्ट आणि कॉईनची छोटी बटणं पॅनलच्या मागच्या कडेला, हात चुकूनही पडणार नाही अशी. गेममधून बाहेर पडायचं बटण तर पॅनलवर ठेवूच नका. मॅचच्या शेवटच्या फेरीत त्यावर कुणाचा हात पडला तर घरात भांडण ठरलेलं. ते पेटीच्या बाजूला किंवा खाली लपवा, नाहीतर दोन बटणं एकत्र धरून बाहेर पडायची सोय सॉफ्टवेअरमध्ये करून घ्या.

खोका तयार झाला की त्यातच भोकं कापून एका खेळाडूची जॉयस्टिक आणि बटणं बसवा, आणि आठवडाभर खरोखर त्यावर खेळा. शेजाऱ्यांनाही खेळू द्या. बटण दोन सेंटिमीटर उजवीकडे हवं होतं हे पुठ्ठ्यावर कळलं तर खर्च शून्य.

पाचवी पायरी : पॅनल कशाचं

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) टाळा. पावसाळ्यातली ओल लागली की तो फुगतो आणि स्क्रू सैल पडतात. चांगलं प्लायवूड घ्या. 'आयएस ७१०' शिक्क्याचं मरीन प्लाय महाग पडतं, पण संपूर्ण पेटीला नाही तरी पॅनलला तेच वापरा.

अठरा मिमी प्लायला जॉयस्टिक खालून नुसती स्क्रूने लावली तर दांड्याचा बराचसा भाग लाकडातच जातो आणि वर चेंडू बुटका दिसतो. त्यासाठी खालून राउटरने (लाकूड कोरायच्या यंत्राने) जॉयस्टिकच्या प्लेटच्या मापाचा खड्डा करून तिथली जाडी कमी करावी लागते. हे सुताराला आधी सांगा, चित्र काढून दाखवा. हे जमत नसेल तर १२ मिमी प्लाय वापरा आणि खालून दोन आडव्या पट्ट्या मारून ताठपणा आणा.

लोखंडी पत्र्याचं पॅनल हा माझ्या मते सगळ्यात चांगला पर्याय. भोसरी, नाशिकचं अंबड, कोल्हापूरचं उद्यमनगर अशा ठिकाणी लेझर कटिंग करून देणारे कारखाने आहेत. संगणकावर मापात काढलेली डीएक्सएफ फाइल दिली की भोकं अचूक येतात आणि स्नॅप-इन बटणंही पकडतात. पावडर कोटिंग करून घेतलं की गंज नाही, घामाचे डाग नाहीत. पत्र्याचं पॅनल असेल तर त्याला अर्थिंगची तार जोडायला विसरू नका.

लाकडात भोक पाडायला फोर्स्टनर बिट किंवा होल सॉ (मोठी गोल भोकं पाडायची ड्रिलची पाती) वापरा आणि खाली टाकाऊ लाकडाचा तुकडा घट्ट दाबून धरा, म्हणजे मागच्या बाजूला छिलके उडत नाहीत. सनमायका लावणार असाल तर आधी सनमायका चिकटवा, मग वरच्या बाजूने भोकं पाडा. आणि भोकं पाडून झाली की एकदा सगळी बटणं आणि जॉयस्टिक बसवून बघा, काढा, मगच रंग.

पॅनल पेटीला कायमचं ठोकू नका. मागच्या कडेला बिजागरी, पुढून दोन कड्या. गेट-प्लेट बदलायची असेल, स्विच बिघडला असेल, तर झाकण उघडावं तसं पॅनल उघडलं पाहिजे.

सहावी पायरी : एन्कोडर आणि तारा

बटण दाबल्याचं संगणकाला सांगणारं सर्किट म्हणजे एन्कोडर. आधी मोजणी करा: एका खेळाडूच्या चार दिशा, सहा बटणं, स्टार्ट, कॉईन, म्हणजे बारा. दोघांचे चोवीस. त्याहून थोड्या जास्त जागा असलेला एन्कोडर घ्या.

काही एन्कोडर संगणकाला कीबोर्ड वाटतात, काही गेमपॅड. अल्टीमार्क कंपनीचा आय-पॅक पहिल्या प्रकारचा. एकाच बोर्डावर दोन्ही खेळाडू बसतात आणि पहिला-दुसरा हा घोळ कधी होत नाही. बाजारात सर्रास मिळणारा 'झीरो डिले' बोर्ड गेमपॅडसारखा वागतो, स्वस्त असतो, पण प्रत्येक खेळाडूला वेगळा लागतो. दोन्ही बोर्ड अगदी सारखे असल्यामुळे संगणक पुन्हा सुरू केल्यावर कधीकधी पहिला खेळाडू दुसरा होऊन बसतो. दोन्ही केबल नेहमी त्याच यूएसबी पोर्टमध्ये ठेवा आणि सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बोर्डाची जागा पक्की करा. सोल्डरिंगची आवड असेल तर रास्पबेरी पाय पिको या छोट्या सर्किट बोर्डवर जीपी२०४०-सीई हे मुक्त फर्मवेअर (बोर्ड चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून उत्तम एन्कोडर बनतो. जुन्या कीबोर्डचं सर्किट काढून वापरायचा मोह टाळा. त्यात काही बटणं एकत्र दाबली की एखादं बटण हरवतं, आणि आर्केडमध्ये तर बटणं एकत्रच दाबायची असतात.

प्रत्येक मायक्रोस्विचवर बहुधा तीन टोकं असतात: कॉमन, नॉर्मली ओपन (दाबल्यावर कॉमनला जोडलं जाणारं), नॉर्मली क्लोज्ड (दाबल्यावर तुटणारं). कॉमनला ग्राउंडची तार आणि नॉर्मली ओपनला त्या बटणाची तार. तिसरं टोक मोकळंच. ग्राउंडची एकच काळी तार एका बटणावरून दुसऱ्यावर अशी साखळीने फिरवता येते, बाकी प्रत्येक बटणाची तार स्वतंत्र एन्कोडरपर्यंत. सोल्डर करण्यापेक्षा दाबून बसवायचे लग (तारेच्या टोकाला लावायच्या धातूच्या टोप्या) वापरा. त्यांची मापं वेगळी असतात: सान्वा बटणांना २.८ मिमी, अमेरिकी मायक्रोस्विचना ४.८ मिमी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाताना एक बटण खिशात टाकून न्या आणि लग त्यावर लावूनच घ्या. प्रत्येक तारेला कागदी चिठ्ठी चिकटवा.

जॉयस्टिक जोडताना एक गोष्ट नव्या माणसाला हमखास चकवते. दांडा वर ढकलला की त्याचं खालचं टोक उलट्या दिशेला जातं, म्हणून 'वर'चा स्विच पॅनलखाली खेळाडूच्या बाजूला असतो. डावं-उजवंही तसंच. तारा जोडण्याआधी दांडा हलवून कोणता स्विच टिचकतो ते ऐका आणि त्या स्विचवरच नाव लिहा.

पॅनलमधल्या बटणांच्या तारांत जास्तीत जास्त पाच व्होल्ट असतात. पण त्याच पेटीत पडद्याची आणि संगणकाची २३० व्होल्टची वायरही असते. ती पेटीच्या दुसऱ्या बाजूने न्या, आणि पॅनल उघडताना भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करायची सवय मुलांनाही लावा.

ट्रॅकबॉल आणि स्पिनरचं काय?

'सेंटिपीड' किंवा 'मिसाइल कमांड' (१९८०) ट्रॅकबॉलशिवाय, आणि 'आर्कनॉइड' (१९८६) स्पिनरशिवाय खेळण्यात खरी मजा नाही. संगणकाला हे दोन्ही बहुधा माउस म्हणून दिसतात, त्यामुळे जोडणं सोपं. जागेचा प्रश्न अवघड. ट्रॅकबॉल मधे बसवला की सहा बटणांवर खेळताना मनगट त्यावर जातं. हे गेम मनापासून आवडत असतील तर पॅनल सुटं करा आणि त्यांच्यासाठी दुसरं छोटं पॅनल बनवून ठेवा, यूएसबीची एक केबल काढली-लावली की झालं. नुसते कधीतरी खेळायचे असतील तर साधा माउस पुरेल.

पहिल्यांदा सुरू करताना

एम्युलेटर उघडण्याआधी संगणकाच्या गेम कंट्रोलर चाचणीत, किंवा एन्कोडर कीबोर्डसारखा असेल तर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, एकेक बटण दाबून पाहा. मग दोन एकदम, मग जॉयस्टिक तिरकी धरून तीन बटणं एकदम. 'मेम' या एम्युलेटरमध्ये मुळात ५ ही कॉईनची आणि १ ही स्टार्टची की असते, आणि टॅब दाबली की बटणं बदलायचा मेनू उघडतो. तिथे आधी सगळ्या गेमसाठी एक सामाईक मांडणी ठरवा, आणि 'मुस्तफा', 'किंग ऑफ फायटर्स' यांच्यासाठी पुठ्ठ्यावर ठरवलेली मांडणी त्या-त्या गेमपुरती वेगळी द्या.

बटणं आणि जॉयस्टिक घेताना प्रत्येक प्रकारचे दोन-तीन मायक्रोस्विच जास्तीचे आणा आणि तारांच्या चिठ्ठ्यांच्या यादीसोबत एका पिशवीत घालून पॅनलच्या आतच अडकवून ठेवा. जास्त वापराचं बटण, बहुधा पहिल्या खेळाडूचं गोळीचं, सगळ्यात आधी दगा देतं, आणि सुट्टीच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं असताना दुकान उघडं नसतं.